जमदग्नीचें घर

एखाद्या गृहस्थाचा राग सांगावयाचा असला म्हणजे "तो जमदग्नीचा अवतार आहे" असें म्हणण्याची मराठी घरांत जुनी चाल आहे. हे शब्द बहुधा हंसत हंसत उच्चारले जातात. परंतु ज्या घरांत असा अवतार नांदतो, त्या घरांतील माणसांना हंसूं येत नाहीं. जिन्यावर त्याच्या पाउलांचा आवाज ऐकूं आला कीं मुलें घाईघाईनें पुस्तकें उघडून बसतात. आई बोलतां बोलतां थांबते. आणि आज स्वारी कशा मनःस्थितींत आहे याचा अंदाज सर्वजण दाराच्या कडीच्या आवाजावरून बांधूं लागतात. बाहेर मात्र त्याच माणसाविषयीं लोक म्हणतात, "मोठा कर्तबगार पुरुष! फक्त जरा जमदग्नि आहे." या "फक्त जरा" या दोन शब्दांत एका कुटुंबाचीं वर्षेंच्या वर्षें झांकून जातात. म्हणून ज्या ऋषीच्या नांवावर हा वाक्प्रचार रूढ झाला, त्याच्या घरीं नेमकें काय घडलें आणि मोडलेलें तें घर पुन्हां सांधलें कीं नाहीं, हें एकदां नीट पाहणें अगत्याचें आहे.

चिपळूणकरांना या घराची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. चिपळूण शहरापासून सुमारें १० किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरावर, परशुरामाचें प्रसिद्ध देवस्थान आहे. खालीं वाशिष्ठी नदीचें खोरें पसरलेलें दिसतें. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनीं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या देवस्थानाला वैभव आणून दिलें. मुख्य मंदिराच्या मागें परशुरामाची माता रेणुका हिचें मंदिर आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास येथें परशुरामजयंतीचा उत्सव होतो. समुद्र मागें हटवून कोंकणची भूमि निर्माण करणारा हा वीर, सात चिरंजीवांपैकीं एक आणि विष्णूचा सहावा अवतार! अशा पुरुषाविषयीं मतभेदहि तितकेच मोठे असणार. २०१३ सालीं चिपळुणास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां निमंत्रणपत्रिकेवरील परशुरामाच्या चित्रावरून बराच वाद झाला. तो वाद त्यानें रणांगणावर केलेल्या संहारासंबंधीं होता. परंतु रणांगणावर जाण्यापूर्वीं या मुलाच्या हातांत परशु कोणीं दिला, आणि तो पहिल्यानें कोणावर चालला, या प्रश्नाकडे लोकांचें लक्ष क्वचितच जातें.

महाभारताच्या वनपर्वांत ती हकीकत आली आहे. जमदग्नि आणि रेणुका यांना पांच पुत्र होते. रुमण्वान्, सुषेण, वसु, विश्वावसु हे चौघे आणि सर्वांत धाकटा राम. एके दिवशीं रेणुका स्नानासाठीं नदीवर गेली असतां, आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करणारा चित्ररथ राजा तिच्या दृष्टीस पडला व क्षणभर तिचें मन चळलें. ती आश्रमांत परत आली तेव्हां पतीनें तिच्या चेहऱ्यावरूनच सारें ओळखलें. प्रत्यक्ष दुष्कृत्य कांहींहि घडलें नव्हतें. अपराध होता तो मनांतल्या मनांतला. तेवढ्यासाठीं जमदग्नीनें थोरल्या मुलापासून एकेकास आज्ञा केली कीं, "आपल्या आईला ठार कर." चौघे पुत्र दिङ्मूढ होऊन उभे राहिले, एकानेंहि हात उचलला नाहीं. पित्यानें त्यांना शाप दिला आणि ते पशुपक्ष्यांप्रमाणें जडबुद्धि झाले. शेवटीं राम आला. त्यानें परशु उचलला आणि आईचें मस्तक उडविलें.

यापुढील वाक्य महाभारतकारानें अगदीं साधेपणानें लिहिलें आहे. परंतु त्यांत मनुष्यस्वभावाचें अचूक ज्ञान आहे. कृत्य घडतांच जमदग्नीचा राग एकाएकीं नाहींसा झाला. ज्यांनीं रागीट माणूस जवळून पाहिला आहे, त्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल. ताट भिरकावून झालें, हात उगारून झाला, नको ते शब्द बोलून झाले, म्हणजे अशा माणसाला हलकें वाटूं लागतें. तो प्रसन्न होतो, मुलाला जवळ बोलावतो, कांहींतरी देऊं करतो. जमदग्नीनेंहि तेंच केलें. "तूं माझें कठीण काम केलेंस, आतां इच्छेला येईल तो वर माग," असें तो मुलाला म्हणाला. मी चुकलों, असें मात्र म्हणाला नाहीं.

मुलानें काय मागितलें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. आई जिवंत व्हावी. आपला वध झाला होता याची आठवण तिला राहूं नये. त्या पापाचा स्पर्श आपल्याला होऊं नये. भाऊ पूर्ववत् व्हावेत. आणि युद्धांत आपल्याला प्रतिस्पर्धी नसावा व दीर्घ आयुष्य लाभावें. हे सारे वर त्याला मिळाले. कीर्तनांतून व कथांतून ही गोष्ट सांगतांना येथें मुलाच्या चातुर्याची वाहवा होते, आणि ती योग्यहि आहे. बापाच्या अधिकाराला धक्का न लावतां सारें कुटुंब जागेवर आणण्याची जबाबदारी सर्वांत लहान मुलानें आपल्या शिरावर घेतली. भागवताच्या नवव्या स्कंधांत तर याचें कारणहि सांगितलें आहे. पित्याच्या तपाचें सामर्थ्य किती आहे हें राम जाणून होता, म्हणून त्यानें तें कृत्य केलें. म्हणजे जो मारूं शकतो तोच उठवूंहि शकतो, हा हिशेब त्या मुलाला करावा लागला. असे हिशेब मुलांना करावे लागणें हीच त्या घराची शोकांतिका आहे.

या वरांमध्यें एक वर मात्र अपुरा राहिला. रेणुकेला विस्मरण मिळालें, भावांना त्यांची बुद्धि मिळाली, बापाला शांति मिळाली. ज्याच्या हातून तें घडलें त्याला पापाचा स्पर्श होणार नाहीं असें आश्वासन मिळालें. पण विस्मरण त्यानें स्वतःसाठीं मागितलें नव्हतें. घरांत कोणालाच कांहीं आठवत नाहीं किंवा कोणी आठवूं इच्छित नाहीं, आणि एका मुलाला मात्र सारें आठवतें, अशी स्थिति अनेक सुशिक्षित कुटुंबांत आजहि असते. लोकपरंपरेनें हें मर्म बरोबर ओळखलेलें दिसतें. वनपर्वांतील वर पुरेसा आहे असें तिनें मानलें नाहीं. अरुणाचल प्रदेशांत लोहित नदीवर परशुरामकुंड नांवाचें तीर्थ आहे. मकरसंक्रांतीला तेथें मोठी यात्रा भरते. तेथील कथा अशी कीं, मातृवधानंतर परशु परशुरामाच्या हाताला चिकटून बसला तो कांहीं केल्या सुटेना. या कुंडांत स्नान केल्यावरच तो गळून पडला. कोंकणच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानच्या अगदीं पूर्वेच्या टोंकापर्यंत तो हात त्या मुलाला वागवावा लागला, असेंच ही कथा सांगते. बापानें 'झालें गेलें विसरून जा' म्हटल्यानें मुलाची मूठ सैल होत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, जमदग्नीचा हा राग उपजतच होता. त्याला तो तरी काय करणार? जुन्या ग्रंथकारांनींहि ही बाजू विचारांत घेतली होती. जमदग्नीची आई सत्यवती आणि तिची माता या दोघींना पुत्रप्राप्तीसाठीं दोन निरनिराळे चरु मिळाले व त्यांची अदलाबदल झाली, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या योगानें सत्यवतीच्या पोटीं क्षत्रियवृत्तीचा उग्र पुत्र जन्मणार होता. तेव्हां तिनें विनवणी केली कीं, हा उग्रपणा माझ्या मुलांत नको, फार तर नातवांत येऊं द्या. ती विनवणी मान्य झाली. म्हणजे कथेच्या हिशेबानें जमदग्नि या दोषांतून जन्मतःच मोकळा झालेला होता! तरीसुद्धां आईवर परशु चालविण्याची आज्ञा त्याच्याच मुखांतून निघाली. पुढें नातवानें एकवीस वेळां पृथ्वी निःक्षत्रिय केली तेव्हां लोकांनीं चरूकडे बोट दाखविलें. परंतु त्या नातवाचा पहिला धडा चरूंतून आलेला नव्हता. तो बापाच्या अंगणांत मिळालेला होता. रक्तांतून काय येतें आणि घरांतून काय येतें याचा निवाडा करतांना हा क्रम विसरून चालणार नाहीं.

राग आंवरणें जमदग्नीला अशक्य होतें, असेंहि नाहीं. अनुशासनपर्वांत भीष्मांनीं युधिष्ठिराला छत्री आणि पादत्राणें यांच्या उत्पत्तीची एक सुंदर कथा सांगितली आहे. ज्येष्ठाच्या उन्हांत जमदग्नि खेळ म्हणून बाण सोडीत होता आणि रेणुका ते वेंचून आणून देत होती. ऊन चढलें, तिचे पाय पोळले, डोकें तापलें, ती क्षणभर झाडाच्या सावलींत उभी राहिली. परत आली तेव्हां नवरा शाप देईल या भीतीनें ती कांपत होती. उशीर कां झाला, असें त्यानें रागानें विचारलें. तिनें कारण सांगितलें, आणि त्यानें तें ऐकून घेतलें! मग त्याचा सारा राग सूर्यावर वळला. त्यानें सूर्यावरच बाण रोखला. तेव्हां सूर्य ब्राह्मणवेषानें आला आणि त्यानें छत्री व चामड्याचे जोडे दिले. दोन्ही कथांत रेणुका घराबाहेर गेली होती, आणि दोन्ही कथांत परत आल्यावर तिच्यासमोर कोपलेला नवरा होता. एकींत त्यानें प्रश्न विचारला आणि जगाला छत्री मिळाली. दुसरींत त्यानें प्रश्न न विचारतां निकाल दिला आणि परशु चालला. तथापि पहिल्या कथेंतहि ती कांपत होती, हें विसरूं नये. ज्या घरांत बायकोला सावलींत उभें राहिल्याचें भय वाटतें, त्या घरांतील प्रेमहि भयाच्याच छायेंत वाढतें.

भागवतांतील क्रम तर याहून विचार करावयास लावणारा आहे. सहस्रार्जुनानें आश्रमांतील कामधेनु बळानें नेली. रामानें त्याला ठार करून ती परत आणली. त्या वेळीं जमदग्नीनें मुलाची पाठ थोपटली नाहीं. राजाचा वध हें मोठें पाप आहे, क्षमा हेंच ब्राह्मणाचें खरें तेज होय, असा उपदेश करून त्यानें मुलाला प्रायश्चित्तासाठीं तीर्थयात्रेला पाठविलें. राम वर्षभर तीर्थें हिंडून परत आला. आणि त्यानंतर, पुढल्याच प्रसंगांत, रेणुकेच्या वधाची आज्ञा येते. ज्यानें शत्रूच्या बाबतींत मुलाला क्षमा शिकविली, त्याला स्वतःच्या पत्नीच्या बाबतींत ती आठवली नाहीं. व्यासपीठावरून शांतीचें व्याख्यान देऊन घरीं आल्यावर टोपी खुंटीला लावतां लावतां गर्जना करणारे गृहस्थ ज्या समाजांत आहेत, त्या समाजाला हा क्रम समजावून सांगण्याची गरज नाहीं. बाहेरचा लौकिक आणि घरांतील वागणूक यांची वही वेगवेगळी ठेवण्याची संवय फार पुरातन आहे.

मग जमदग्नीला सुटका मिळालीच नाहीं काय? महाभारतांतच दोन स्थळें अशीं आहेत कीं, तेथें हा ऋषि अगदीं निराळा दिसतो. पहिलें आश्वमेधिक पर्वांत आहे. युधिष्ठिराच्या यज्ञांत आलेल्या अर्ध्या सोन्याच्या मुंगुसाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तें मुंगूस पूर्वीं कोण होतें हें थोड्यांच्या लक्षांत असतें. जमदग्नीनें श्राद्धाचा संकल्प करून होमधेनूचें दूध स्वतः काढलें व तें नव्या भांड्यांत ठेविलें. त्याची परीक्षा पाहण्यासाठीं साक्षात् क्रोध त्या भांड्यांत शिरला आणि त्यानें दूध नासविलें. ऋषीनें त्याला ओळखलें, पण तो रागावला नाहीं. क्रोधच भयभीत होऊन त्याची क्षमा मागूं लागला. जमदग्नि त्याला शांतपणें म्हणाला कीं, दूध पितरांसाठीं होतें, तेव्हां जें सांगावयाचें तें पितरांना जाऊन सांग. पितरांच्या शापानें क्रोध मुंगूस झाला. येथें प्रायश्चित्ताचा गाजावाजा नाहीं, वरदानांचा पाऊस नाहीं. एका सकाळीं एक भांडें नासलें आणि घरांत आवाज चढला नाहीं, एवढेंच. परंतु ज्या घरानें पूर्वींच्या सकाळी पाहिल्या असतील, त्याला या एवढ्याची किंमत कळेल.

दुसरें स्थळ त्याच्या मृत्यूचें आहे. सहस्रार्जुनाच्या पुत्रांनीं सूड घेण्यासाठीं आश्रमावर हल्ला केला तेव्हां राम बाहेर गेला होता. जमदग्नीनें प्रतिकार केला नाहीं. अनाथासारखा तो "राम, राम" अशी मुलाच्या नांवानें हांक मारीत राहिला, आणि तशा स्थितींत त्याला मारण्यांत आलें. ज्याच्या नुसत्या शब्दानें चार पुत्र जड झाले होते, त्या पित्याजवळ शेवटीं एका मुलाचें नांव तेवढें उरलें. राम परत आला तेव्हां त्यानें जो विलाप केला, त्यांत "माझ्याच अपराधामुळें तुमचा घात झाला" असेंच तो म्हणतो. बापाचा अपराध त्याला दिसत नाहीं. सारा दोष तो आपल्याकडे घेतो. रागीट बापाच्या मुलांना लागलेली ही संवय बापाच्या मृत्यूनंतरहि सुटत नाहीं. माहूरच्या परंपरेप्रमाणें परशुरामानें कावडीच्या एका बाजूस पित्याचें शव व दुसऱ्या बाजूस आईला घेऊन वाट तुडविली. तें दोन्हीकडचें ओझें त्याच्याच खांद्यावर होतें.

त्यानंतरचा संहार सर्वश्रुत आहे. समंतपंचकांत रक्ताचे पांच डोह भरले. परंतु या संहाराच्या शेवटीं जें घडलें तें कमी सांगितलें जातें, आणि या सर्व कथेचा कळस तोच आहे. आदिपर्वांत सांगितलें आहे कीं, ऋचीकादि पितर त्याच्यापुढें प्रगट झाले व वर माग म्हणाले. तेव्हां त्या अजिंक्य वीरानें राज्य मागितलें नाहीं. रागाच्या आहारीं जाऊन आपण क्षत्रियांचा उच्छेद केला, त्या पापांतून आपली मुक्तता व्हावी, असें त्यानें मागितलें. पितरांनीं तें मान्य केलें आणि आतां थांब, क्षमा कर, असें सांगितलें. तो थांबला. जिंकलेली सारी पृथ्वी त्यानें कश्यपाला दान दिली. मग त्या पृथ्वीवर राहण्याचा अधिकारहि त्याला उरला नाहीं. कश्यपाच्या सांगण्यावरून तो दक्षिण समुद्राच्या तीरीं गेला आणि समुद्रानें त्याला शूर्पारक नांवाची जागा करून दिली. कोंकणच्या उत्पत्तीची कथा या प्रसंगाशीं जोडलेली आहे. म्हणजे कोंकणभूमि ही त्याच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जात असली, तरी कथेंत ती येते जिंकलेलें सर्व सोडून दिल्यानंतर.

बाप आणि मुलगा या दोघांतील अंतर येथें स्पष्ट होतें. बापानें मोडलेलें सारें एका शब्दानें पूर्ववत् करून दिलें. परंतु आपण काय मोडलें हें तो बोलला नाहीं. मुलाला मेलेल्यांना उठवितां आलें नाहीं. परंतु आपण काय केलें आणि कशाच्या भरांत केलें, हें त्यानें आपल्याच वडीलधाऱ्यांपुढें स्वच्छ शब्दांत सांगितलें, आणि सांगून हात थांबविला. घरच्या माणसांकडून सुटका मागावयाची तर तिची वाट हीच आहे. प्रथम केलेल्या कृत्याचें नांव घेतलें पाहिजे. "तुमच्या भल्यासाठींच केलें" या पांघरुणाखालीं तें झांकतां कामा नये. मग जेथें पूर्वीं आवाज चढत असे तेथें तो चढतां कामा नये. एक दिवस नव्हे, नासलेल्या प्रत्येक भांड्याच्या वेळीं. पेढे, नव्या साड्या, मुलाला आणलेलें घड्याळ हीं त्याची जागा घेऊं शकत नाहींत.

आणखी एक गोष्ट उरते, आणि ती या सर्व कथांत कोणींहि केलेली नाहीं. रेणुकेला कोणीं विचारलेंच नाहीं. तिला मारण्यापूर्वीं विचारलें नाहीं, उठविल्यावर विचारलें नाहीं, आणि विसरावयाचें कीं नाहीं हेंहि तिच्या वतीनें दुसऱ्यानेंच ठरविलें. मुलाचा हेतु निर्मळ होता. तरी विस्मरण आणि क्षमा या दोन भिन्न वस्तु आहेत. जिला कांहीं आठवतच नाहीं ती क्षमा कशाची करणार? क्षमा करणें किंवा न करणें हा ज्याला दुखापत झाली त्याचा अधिकार आहे. बापानें पश्चात्ताप केला म्हणून मुलांनीं व पत्नीनें ती दिलीच पाहिजे असें नाहीं. कायद्यानेंहि आतां या बाबतींत घराचा उंबरठा ओलांडला आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे, आणि त्यांत केवळ मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ व मानसिक छळ हाहि हिंसाचारच धरला आहे. "आमच्या घरचा प्रश्न" हें उत्तर आज पुरत नाहीं.

चिपळूणच्या डोंगरावर दर्शनाला जाणारी मंडळी परशुरामापुढें हात जोडतात, वीराचा जयजयकार करतात आणि पुष्कळदां घाटांतील गाडी गांठण्याच्या घाईनें तेथूनच परततात. मागच्या बाजूस आईचें देऊळ आहे. मुलांना बरोबर घेऊन गेलेल्या वडिलांनीं तेथपर्यंत जावें, आणि मुलांनीं विचारलें कीं "हिला कोणीं मारलें होतें?", तर गोष्ट सगळी सांगावी, आज्ञा कोणाची होती तेंहि सांगावें.